भुंगा झाडावर, घर ढिगात : पामच्या बागांमधली माझी पाच वर्षं

शेतकऱ्यांच्या बागांत जाऊन किडींबद्दल सल्ला द्यायचं माझं काम. पहिल्यांदा मला एकटीला तेल पामच्या ज्या बागेत पाठवलं ती बाग दोन वर्षांची होती. म्हणजे अजून एक घडही हाती लागलेला नाही, नुसता खर्च चालू आहे, अशी अवस्था. काका बांधावरच उभे होते, मी गाडी नीट लावेपर्यंतही थांबले नाहीत, "ताई आधी इकडं या" म्हणत थेट तिसऱ्या ओळीत घेऊन गेले आणि एका झाडाची झावळी खाली ओढून धरली. झावळीची पाती दोन्ही बाजूंनी तिरकी छाटलेली, कात्रीनं कापावीत तशी, मधे दांड्याकडे निमुळती होत गेलेली. काका म्हणाले, "रात्री कोण येऊन कापतंय का हो? आमचं कुणाशी वैर नाही." ते खरंच विचारत होते. शेजाऱ्यावर संशय घेऊन दोन रात्री बॅटरी घेऊन बागेत बसलेसुद्धा होते.

मला उत्तर माहीत होतं, ट्रेनिंगमध्ये फोटो बघितला होता. गेंड्या भुंगा. काळा, अंगठ्याएवढा, डोक्यावर शिंग. दिवसा लपतो, रात्री उडतो, आणि पामच्या मधल्या न उघडलेल्या कोंबात, ज्याला आम्ही सगळे सुई म्हणतो, त्यात भोक पाडून शिरतो. कोंबात झावळी घडी घातलेली असते ना, त्या घडीतून आरपार भोक गेलं की पुढे झावळी उलगडल्यावर ते कापलेल्या पात्यांसारखं दिसतं. कागदाची घडी घालून एक कोपरा कापला आणि घडी उघडली की कशी नक्षी दिसते, तसं. मी काकांना हे सांगितलं, त्यांना पटलं, त्यांच्या चेहऱ्यावरचा शेजाऱ्याचा राग उतरला तेव्हा मलाही बरं वाटलं. मग ते म्हणाले, "औषध लिहून द्या."

आणि मी लिहून दिलं.

त्या चिठ्ठीची मला आजही टोचणी आहे, कारण त्या दिवशी मी एकच झावळी बघितली आणि एकाच झाडाकडे बघून चिठ्ठी लिहिली. कापलेली झावळी म्हणजे जुना हल्ला. भुंगा कोंबात शिरला तेव्हा ती झावळी आत मिटलेली होती, ती उलगडून वर यायला कित्येक आठवडे गेलेत, तोवर तो भुंगा कधीच निघून गेलेला असतो. आपण जे बघून घाबरतो ते होऊन गेलेलं असतं. बघायचं असतं ते वेगळंच, झावळीच्या देठाच्या बेचक्यात ताजं भोक आहे का, त्यातून चावून बाहेर टाकलेला ओला चोथा आलाय का. चोथा ओला आणि फिकट असेल तर भुंगा आत आहे, वाळून तपकिरी झालेला असेल तर गेला. एवढी साधी गोष्ट. काकांनी माझ्या चिठ्ठीप्रमाणे सगळी बाग भिजवली, महिन्यानं परत तेच, आणि या वेळी चार झाडांचा मधला कोंबच मेलेला. पामला एकच वाढीचा शेंडा असतो, नारळासारखाच, तो सडला की झाड संपलं, बाजूनं फुटवा वगैरे काही येत नाही.

दुसऱ्या खेपेला मी सिनियर सरांना घेऊन गेले. त्यांनी झाडाकडे बघितलंच नाही आधी. उतरल्या उतरल्या विचारलं, "खताचा ढीग कुठाय?"

काकांना वाटलं सर खत मागतायत. बागेच्या मागच्या कडेला शेणखताचा मोठा ढीग होता, दीड वर्ष जुना, खालून मऊ काळा झालेला, आणि त्याला लागून आधीच्या झाडांचे तोडलेले बुंधे तसेच आडवे पडलेले, वरून वेल चढलेला. सरांनी फावडं मागितलं, गुडघ्याएवढा खड्डा केला आणि हात घालून एक अळी बाहेर काढली. पांढरट पिवळी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोकं, हाताच्या तळव्यात जेमतेम मावेल एवढी जाड. काका म्हणाले, "ही तर हुमणी, ही ढिगात असतेच." सर म्हणाले, "हीच तुमच्या झाडावर शिंग घेऊन येते."

तो क्षण मी विसरू शकत नाही, कारण काकांच्याच नाही, माझ्याही डोक्यात तेव्हा गोष्ट नीट बसली. पुस्तकात मी वाचलं होतं की मादी कुजलेल्या पदार्थात अंडी घालते. पण वाचणं वेगळं, आणि ज्या ढिगाशेजारी आपण मागच्या वेळी गाडी लावली होती त्याच ढिगातून एकामागून एक पस्तीस अळ्या निघताना बघणं वेगळं. अळी झाडाला हातही लावत नाही, ती तिचे तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त, ढिगात खात पडून असते, मग तिथेच कोष करते, आणि भुंगा होऊन उडून गेल्यावर झाडाचं नुकसान सुरू होतं. भुंगा पुढे कित्येक महिने जगतो. म्हणजे आपण झाडावर फवारत बसायचं आणि खाली कारखाना चालू ठेवायचा.

एक गोष्ट इथे सांगायलाच पाहिजे कारण बरेच जण चुकतात. ढिगातली प्रत्येक अळी गेंड्याची नसते. फुलांवर बसणाऱ्या काही भुंग्यांच्या अळ्यापण अगदी तशाच दिसतात आणि त्या बिचाऱ्या फक्त खत कुजवतात. सरांनी मला सोपी खूण दाखवली, अळी सपाट जमिनीवर ठेवायची आणि बघायचं. त्या दुसऱ्या जातीच्या अळ्या पाठीवर उताण्या होऊन सरपटत जातात, पाय वर करून, आणि चांगल्या जोरात जातात. गेंड्याची अळी तशी चालत नाही, कुशीवर पडून वळवळत राहते. मी नंतर जिथं जाईन तिथं शेतकऱ्यांसमोर हे करून दाखवते आणि लहान पोरं तर लगेच शिकतात, मोठ्यांना मोजायला तीच मदत करतात.

मग काम सुरू झालं. ढीग पूर्ण उलटायचा, अळ्या वेचायच्या, खत पातळ पसरून टाकायचं म्हणजे पुन्हा घर होत नाही. पडलेले बुंधे तुकडे करून पसरायचे म्हणजे लवकर वाळतात. तेल काढल्यावर उरलेले रिकामे घड काही जण झाडाखाली आच्छादन म्हणून टाकतात, ते चांगलंच आहे, पण एकच थर, एकावर एक रचले की आतून ओलं राहतं आणि परत तेच. उरलेला ढीग जो हलवताच येत नव्हता त्यात मेटारायझियम बुरशी मिसळली. ही बुरशी किड्यांवर वाढते, अळी आधी सुस्त होते, मग कडक होते, वर पांढरी बुरशी येते आणि काही दिवसांनी ती हिरवी होते. ढिगात ओल पाहिजे, कोरड्या ढिगात ती काही करत नाही, हे मी पहिल्या उन्हाळ्यात वाया घालवलेल्या पाकिटांवरून शिकले.

या भुंग्याच्या मागे माणसं फार जुन्या काळापासून आहेत. सामोआ बेटांवर तो १९०९ साली रबराच्या रोपांबरोबर पोचला आणि तिथली नारळाची झाडं त्यानं अक्षरशः उजाड केली. १९६३ साली आलोइस ह्युगर नावाच्या शास्त्रज्ञाला मलेशियात आजारी अळ्यांमध्ये एक विषाणू सापडला, १९६७ मध्ये तो सामोआत सोडला आणि भुंगे खरोखर कमी झाले. सर हे सांगायचे तेव्हा मला वाटायचं की बस, हाच उपाय. पण ग्वाम बेटावर २००७ मध्ये भुंगा दिसला त्याला तो विषाणू लागूच पडला नाही, भुंग्याचा तो प्रकारच वेगळा निघाला. म्हणून एकाच उपायावर भिस्त ठेवायची नाही, हे सर प्रत्येक मीटिंगला सांगायचे आणि मीपण आता सांगते.

सापळ्यांचं मात्र मला आवर्जून लिहायचंय कारण तिथं सगळ्यात जास्त चुका होतात. बादली, वर दोन आडव्या-उभ्या पट्ट्या, मध्ये लटकवलेली गंधाची पुडी. नर भुंगा जो वास सोडतो तोच त्या पुडीत असतो आणि त्यानं नर-मादी दोन्ही येतात, मादी जास्त येते, हे आपल्या फायद्याचं कारण अंडी तीच घालणार. मोठ्या क्षेत्रावर साधारण दोन हेक्टरला एक सापळा लावतात. पण काकांनी हौसेनं चारही सापळे बागेच्या बरोबर मध्यावर, सगळ्यात कोवळ्या रोपांमध्ये लावले. आता सापळा भुंगे बोलावतो, बोलावलेले सगळे बादलीत पडतातच असं नाही, काही जण शेजारच्या झाडावर उतरतात. पंधरा दिवसांत सापळ्याच्या भोवतीचीच झाडं पोखरलेली दिसली आणि काका मला म्हणाले, "तुम्ही पाहुणे बोलावून आणलेत." बरोबर होतं त्यांचं. दुसऱ्या दिवशी सगळे सापळे कडेला नेले, ढिगाच्या आणि मोकळ्या जागेच्या बाजूला. बादलीच्या तळाला बारीक भोकं पाडली नाहीत तर पावसाचं पाणी साचतं, भुंगे कुजतात, वास सुटतो आणि मग कुणी जवळ जाऊन रिकामी करत नाही. दर आठवड्याला रिकामी करायची, मोजायचं, वहीत लिहायचं. काकांच्या मुलीनं ती वही ठेवली. पहिल्या आठवड्यात अठरा, मग एकवीस, मग अकरा, मग एकदम सत्तावीस.

सत्तावीस का? ढीग तर आम्ही संपवला होता.

शेजारी. तिकडं जुनी बाग तोडून नवीन लावायची तयारी चालू होती, शे-दीडशे बुंधे जागेवर कुजत पडलेले आणि वर आच्छादनाच्या वेलानं सगळं झाकलेलं, वरून बघितलं तर छान हिरवंगार. भुंगा बांध बघत नाही. त्या दादांना भेटायला मी चार वेळा गेले. त्यांचं म्हणणं असं की माझ्या बागेत आत्ता झाडच नाही, मग मला कसली कीड, मी कशाला मजूर लावू. आणि खोटं नव्हतं ते, त्यांचा खर्च आणि फायदा काकांचा. पाचव्या वेळी मी काही बोलले नाही, काकांच्या मुलीची वही त्यांच्या हातात दिली आणि विचारलं की तुमची नवीन रोपं कधी येणार. त्यांनी तारीख सांगितली. मग ते स्वतःच वहीकडे बघत बसले. ज्या बुंध्यांतून आज भुंगे उडून काकांकडे जातायत तेच चार महिन्यांनी त्यांच्या स्वतःच्या रोपांवर उतरणार, हे त्यांना कळायला माझ्या भाषणाची गरज नव्हती. बुंधे चिरून पसरायला तीन आठवडे लागले. दोन्ही घरची माणसं मिळून.

काकांची एकूण नऊ झाडं गेली. त्यातली तीन गेंड्यानं नाही, सोंड्या भुंग्यानं मारली, आणि ते जास्त वाईट असतं कारण बाहेरून काही दिसतच नाही. लालसर तपकिरी भुंगा, पुढे लांब सोंड, मादी जखम शोधते. गेंड्यानं पाडलेलं भोक किंवा कोयत्याचा घाव, तिला चालतं काहीही. तिथं अंडी, आणि इथं मात्र अळीच झाड खाते, आतून, बुंध्यातला गाभा पोखरत. कान लावला तर कधीकधी कुरतडल्याचा आवाज येतो, बुंध्यातून तपकिरी चिकट पाणी झिरपतं, आणि एक दिवस शेंडा वाकडा होऊन पडतो. वेळेत कळलं तर वाचवता येतं, बहुतेक वेळा कळत नाही. त्यामुळे आम्ही तोडणीच्या माणसांना सांगून ठेवलं की विनाकारण बुंध्याला घाव घालू नका आणि मेलेलं झाड उभं ठेवू नका, लगेच काढून आतलं सगळं नष्ट करा.

आता दुसरी बाग, आणि हा भाग लिहिताना मला अजूनही जरा धडधडतं.

ही बाग अकरा-बारा वर्षांची, उंच झाडं, उत्पन्न चांगलं. मालक मावशी, सगळा कारभार त्या एकट्या बघतात. फोन आला की झावळ्या जळल्यात. गेले तर खरंच, मधल्या आणि खालच्या झावळ्या करड्या, वाळक्या, लांबून बघितलं तर आग लागून गेल्यासारखं. जवळ जाऊन पानाची मागची बाजू बघितली तर बारीक बारीक काड्यांसारख्या पिशव्या लोंबतायत. बॅगवर्म. पानाचे तुकडे रेशमानं जोडून अळी स्वतःभोवती पिशवी विणते आणि ती अंगावर घेऊनच खात फिरते. मादीला तर पंखच नसतात, ती जन्मभर पिशवीतच राहते, तिथंच शंभराच्या वर अंडी घालते, आणि बाहेर पडलेली पिल्लं रेशमाच्या धाग्याला लोंबकळत वाऱ्याबरोबर दुसऱ्या झाडावर जातात. पानं अर्धी खाल्ली गेली तर पुढच्या दोन वर्षांत उत्पन्न चाळीस टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतं. घड लगेच नाही कमी होत, नंतर होतात, त्यामुळे माणसाला वाटतं काही नाही झालं.

मावशींनी मला बोलावण्याआधीच तीन फवारण्या करून झाल्या होत्या. कुणीतरी सांगितलेलं जहाल औषध, अंगाला लागलं की मरेल असं. पहिल्या फवारणीनंतर महिनाभर शांत, मग दुप्पट. परत फवारणी, परत दुप्पट. "ताई, हे औषध खाऊन वाढतायत का या?" असं त्या म्हणाल्या आणि मला त्यांच्या प्रश्नाचं फार कौतुक वाटलं, कारण जवळजवळ तसंच होतं. मलेशियात १९६० च्या आसपास हेच झालं होतं. तिथं तेव्हा डीडीटीसारखी बरेच दिवस टिकणारी औषधं पामवर मारली जायची, आणि जिथं जास्त फवारलं तिथंच बॅगवर्मचे सगळ्यात मोठे उद्रेक झाले. अळी पिशवीत सुरक्षित, आणि तिला मारणाऱ्या बारीक गांधीलमाश्या, ज्या पिशवीला भोक पाडून आत अंडी घालतात, त्या मात्र उघड्यावर फिरणाऱ्या, त्या मेल्या. फवारण्या थांबवल्यावर उद्रेक हळूहळू बसले. म्हणजे आपण राखणदार मारून चोराला मोकळं रान देतो.

पण हे मावशींना सांगणं आणि त्यांच्या जळलेल्या बागेत उभं राहून "थांबा, फवारू नका" म्हणणं, यात फार अंतर आहे. माझी सगळी रात्र झोपेविना गेली. थांबलो आणि सगळी पानं गेली तर? नुकसान त्यांचं, शब्द माझा.

म्हणून मोजायचं ठरवलं. शंभर झाडांत एक, ओळी ठरवून, प्रत्येक झाडाची एक मधली झावळी तोडणीच्या बांबूला लावलेल्या कोयत्यानं उतरवायची आणि तिच्यावरच्या जिवंत अळ्या मोजायच्या. बॅगवर्मच्या एका नेहमीच्या जातीसाठी एका झावळीला सरासरी दहा जिवंत अळ्या ही मर्यादा मानतात, त्याच्या वर असेल तरच उपाय करायचा. जिवंत हा शब्द महत्त्वाचा आहे. रिकाम्या पिशव्या महिनोनमहिने लटकत राहतात आणि लोक त्या मोजून घाबरतात. आम्ही पिशव्या ब्लेडनं उभ्या चिरून बघत होतो. काहींमध्ये धडधाकट अळी, काहींमध्ये वाळलेली, आणि काहींमध्ये अळीच्या जागी छोटे पांढरे कोष, म्हणजे गांधीलमाशीचं पिल्लू आत वाढतंय. मावशी चष्मा लावून माझ्याशेजारी बसल्या आणि दोन तास चिरत राहिल्या. पांढरा कोष दिसला की त्या म्हणायच्या, "ही आपली."

सरासरी बावीस निघाली. मर्यादेच्या वर, म्हणजे नुसतं थांबूनही चालणार नव्हतं. पण ज्या ओळीत आधीच्या फवारण्या पोचल्या नव्हत्या, ओढ्याच्या बाजूच्या, तिथं आकडा आठ आणि त्यातही जवळजवळ निम्म्यात पांढरे कोष. हा फरक मावशींनीच आधी पकडला, मी तर अजून बेरजाच करत होते. त्या बाजूला काहीही मारायचं नाही असं त्यांनीच जाहीर केलं.

बाकीच्या बागेत बीटी मारायचं ठरलं. बीटी म्हणजे जिवाणू, अळीनं पानाबरोबर खाल्ला तरच तिच्या पोटात काम करतो, गांधीलमाशीला त्याचा त्रास नाही. पण तो लहान अळीवर चालतो, मोठ्या अळीवर त्याचा परिणाम कमी होतो आणि कोषात गेलेली तर खातच नाही, आणि उन्हात तो लवकर निकामी होतो. म्हणजे वेळ साधायला हवी. आम्ही गेलो तेव्हा बहुतेक अळ्या मोठ्या होत्या, कोषाच्या तयारीत. या किडीची एक पिढी साधारण तीन महिन्यांची, त्यामुळे पुढची पिल्लं बाहेर पडेपर्यंत वाट बघायची होती. मावशींनी त्या दिवसांत मला रोज फोन केला. रोज. "आज पण थांबायचं?" आणि मी रोज हो म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर हात गार पडायचे. दर आठवड्याला जाऊन पिशव्या चिरायच्या, आत अंडी आहेत का, फुटली का. ज्या दिवशी पानांवर टाचणीच्या टोकाएवढ्या नव्या पिशव्या दिसल्या त्यानंतर चार दिवसांनी, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर फवारणी. उंच झाडांना जोराचा पंप लागला, तो मिळवायला गेला तेवढाच वेळ गेला. दोन आठवड्यांनी मोजलं तर नऊ. पुढच्या पिढीला चार.

नंतर बागेच्या रस्त्यांच्या कडेला टर्नेरा लावला, पांढऱ्या-पिवळ्या फुलांचा, सकाळी उमलतो तो. गांधीलमाश्यांना मोठेपणी मध लागतो, नुसत्या पामच्या बागेत त्यांना खायला काही नसतं. तणनाशक मारून सगळं साफ, चकाचक ठेवलेली बाग बघायला छान वाटते पण त्यात आपली राखण उपाशी मरते. मावशींना हे लगेच पटलं, मजुरांना नाही, त्यांनी दोनदा टर्नेरा तण समजून उपटला.

स्लग अळी, म्हणजे पामची पानं खाणारी काटेरी अळी, हिच्याबद्दल थोडंच सांगते, कारण ती आम्हाला तुरळकच भेटली. अंगाला लागली की अशी आग होते की दिवसभर हात वापरता येत नाही, तोडणीची माणसं तिला सगळ्यात जास्त घाबरतात. उपायाची रीत तीच, मोजणी, लहान असताना बीटी. या अळ्यांना विषाणूचा रोग होतो, मग त्या मऊ पडून काळ्या पाण्यासारख्या पानावर लोंबतात. तशा दिसल्या तर फवारणीची घाई करू नका, रोगच काम करतोय.

आणि आता तो छोटा भुंगा, ज्याच्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसले.

तिसऱ्या एका बागेतला तरुण मुलगा, नुकताच बाग बघायला लागलेला, उत्साही. त्याला नर फुलांच्या तुऱ्यावर शेकडो काळपट तपकिरी किडे दिसले, तिळाएवढे, सोंडवाले. सोंड्या भुंग्याबद्दल त्यानं ऐकलं होतंच. त्याला वाटलं ही त्याचीच पिल्लं. त्यानं कुणाला न विचारता सगळ्या फुलांवर नेमकं, मन लावून, जहाल औषध मारलं. दोन वेळा. किडे गेले, तो खूश. त्यानं मला फोन केला तो पाच महिन्यांनी, की घड धरतात पण भरत नाहीत, अर्धे दाणे बारीक, आत बीच नाही.

ते किडे पामचे परागीभवन करणारे. मूळ आफ्रिकेतले. पाम आग्नेय आशियात नेऊन लावला तेव्हा झाड गेलं पण हा किडा मागे राहिला, आणि तिकडं कित्येक वर्षं माणसं लावून हातानं पराग मारावे लागायचे. मग कॅमेरूनमध्ये सय्यद नावाच्या शास्त्रज्ञानं अभ्यास करून दाखवलं की वारा नाही, हा किडा हे काम करतो, आणि १९८१ मध्ये तो मलेशियात नेऊन सोडला. हातानं पराग मारायचं काम त्यानंतर थांबलं. हा किडा नर तुऱ्यावर खातो, तिथंच अंडी घालतो, सुकलेल्या नर फुलांतच त्याची पिल्लं वाढतात. मादी फुलंही उमलल्यावर नर फुलांसारखा बडीशेपेसारखा वास सोडतात, किडा फसून तिकडं जातो आणि अंगावरचे पराग तिथं झाडतो. एवढंच. फूल ते पिकलेला घड याला साधारण साडेपाच-सहा महिने लागतात, त्यामुळे फवारणी आणि रिकामा घड यांचा संबंध त्याच्या डोक्यात आलाच नाही, कुणाच्याच आला नसता.

मी त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मीच मारले." मला फार वाईट वाटलं, कारण मी त्या बागेत आधी दोनदा गेले होते, गेंड्याचं सांगितलं, सोंड्याचं सांगितलं, फोटो दाखवले, आणि याचा फोटो मात्र दाखवला नव्हता, का तर तो कीड नाही. आम्ही शेतकऱ्याला शत्रू ओळखायला शिकवतो आणि मित्र दाखवायचा राहून जातो. त्या दिवसापासून कुठल्याही नव्या बागेत मी पहिल्यांदा नर तुरा दाखवते, हातात घेऊन, वास घ्यायला लावून, किडे अंगावर चढू देते. मगच बाकीचं.

त्याच्या बागेत शेजारच्या बागेतून किडे आपोआप आले, नवीन नर फुलं येत होतीच. आम्ही फक्त सुकलेले नर तुरे काढून टाकू नका आणि फुलांवर काही मारू नका एवढंच सांगितलं. घड परत भरायला लागले, पण मधल्या काही तोडण्या हलक्या गेल्या त्या गेल्याच.

काकांकडे मागच्या महिन्यात जाऊन आले. बाग आता सात वर्षांची आहे, घड चालू आहेत, सापळ्यात आठवड्याला दोन-तीन भुंगे पडतात, कधी एकही नाही. तिसरी वही चालू आहे. नव्या खताचा छोटा ढीग होता, मुलीनं तो माझ्यासमोर उलटला आणि खालून एक अळी काढली, कडक, पूर्ण हिरवी, बुरशीनं झाकलेली. बुरशी आम्ही मागच्या पावसाळ्यानंतर घातलीच नव्हती, म्हणजे ती आपली आपणच टिकून होती. मी फोटो काढायला मोबाईल काढला तोवर तिनं अळी आणि तिच्या भोवतीचं ओंजळभर खत एका डब्यात भरलं सुद्धा. मी विचारलं कुठं नेतेस, तर म्हणाली, "शेजारच्या काकांच्या ढिगात टाकून येते. त्यांच्याकडे अजून जिवंत निघतात."